तिरुवैयारूची यात्रा : प्रवास आणि मुक्काम

परक्या मुलखातील मोठ्या शहरी जाणाऱ्यांसाठी सल्ल्यांची वाण नसते. कोठे उतरावे, कोठे जेवावे, काय पाहावे, हे सांगणारी पुस्तके लंडन-पॅरिसविषयी हवी तितकी मिळतात. परंतु आपल्याच देशातील एखाद्या लहान गावी, जेथली भाषा येत नाही आणि जेथल्या रीतिभाती अंगवळणी पडलेल्या नाहीत अशा ठिकाणी, निघालेल्या माणसाला सल्ल्याची गरज कितीतरी अधिक असते. तंजावरजवळचे तिरुवैयारु हे असेच एक गाव. कर्नाटक संगीताचे थोर वाग्गेयकार त्यागराज यांची समाधी तेथे कावेरीच्या काठी आहे. दरवर्षी पुण्यतिथीस तेथे जो आराधना-उत्सव होतो, त्याचे नाव संगीताची आवड असलेल्या मराठी माणसाने ऐकलेले असते. तेथे जावे अशी इच्छाही अनेकांच्या मनात असते. मग भाषा येत नाही, राहण्याची सोय ठाऊक नाही, गर्दी फार असते असे ऐकले आहे, अशा कारणांनी बेत पुढे ढकलला जातो. यांपैकी एकही अडचण अशी नाही की जी थोड्या पूर्वतयारीने दूर होणार नाही.

पहिला प्रश्न काळाचा. त्यागराजांचा जन्म तिरुवारूर येथे ४ मे १७६७ रोजी झाला आणि तिरुवैयारु येथे ६ जानेवारी १८४७ रोजी त्यांनी देह ठेवला. ती तिथी पुष्य बहुल पंचमी. उत्सव इंग्रजी तारखेप्रमाणे होत नाही, या तिथीस होतो. येथे मराठी प्रवाशाची एक सोय आपोआपच झालेली आहे. त्यागराजांची मातृभाषा तेलुगू आणि तेलुगू पंचांग महाराष्ट्राच्या पंचांगाप्रमाणेच अमान्त आहे. त्यामुळे त्यांची पुष्य बहुल पंचमी म्हणजे आपली पौष वद्य पंचमी. घरातील दिनदर्शिका उघडावी, पौष वद्य पंचमीखालची तारीख पाहावी आणि त्यावर खूण करावी. ही तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत कोठेही येऊ शकते. इ.स. २०२१ मध्ये ती २ फेब्रुवारीस आली होती, तर २०२५ मध्ये १८ जानेवारीस. उत्सव पाच दिवसांचा असतो आणि पंचमी हा त्याचा कळस. तथापि दिवसांच्या संख्येत क्वचित फरक पडतो, म्हणून कार्यक्रम जाहीर झाल्यावर तो पाहूनच परतीचा दिवस ठरवावा.

या काळात हवा सुखद असते. महाराष्ट्रात पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत पडतो. कावेरीच्या मुखाकडील या प्रदेशात मुख्य पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, ईशान्येकडील वाऱ्यांबरोबर येतो. दिवाळीच्या सुटीत दक्षिणेकडे निघणाऱ्या मराठी कुटुंबांना ही गोष्ट पुष्कळदा ठाऊक नसते आणि मग ती ऐन पावसात सापडतात. जानेवारीत पाऊस सरलेला असतो, भातशेते पिकलेली असतात आणि रात्री एखादी पातळ शाल पुरते. दुपारचे ऊन मात्र आपल्याकडील हिवाळ्यातल्याहून कडक असते, हे ध्यानात ठेवावे.

एक सावधगिरी मात्र घ्यावयास हवी. जानेवारीच्या मध्यास पोंगलचा सण येतो. त्या सुमारास चेन्नईतील नोकरदार आपापल्या गावी जातात आणि चार-पाच दिवसांत परततात. त्यामुळे आराधना जर मकरसंक्रांतीच्या आगेमागे आली, तर चेन्नई-तंजावर मार्गावर बसावयासही जागा मिळणे कठीण होते. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. पूर्वी हीच मुदत १२० दिवसांची होती. तेव्हा तिथीवरून तारीख काढून, साठ दिवस मागे मोजून, त्याच सकाळी तिकिटे काढणे शहाणपणाचे.

आता मार्गाविषयी. तिरुवैयारूस रेल्वेस्थानक नाही. जवळचे स्थानक तंजावर हे होय. मुंबई, पुणे, सोलापूर या बाजूंच्या प्रवाशाने रायचूर-गुंतकल मार्गे चेन्नई गाठावी. नागपूर-चंद्रपूरकडच्या प्रवाशास दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या गाड्या बल्लारशा-विजयवाड्यावरून तेथेच पोहोचवितात. येथे एक घोटाळा नवख्याच्या हातून हटकून होतो. उत्तरेकडून येणाऱ्या बहुतेक गाड्या चेन्नई सेंट्रल स्थानकावर थांबतात, तर तंजावरकडे जाणाऱ्या गाड्या मुख्यतः एग्मोर स्थानकावरून सुटतात. ही दोन स्थानके एकमेकांपासून दूर नाहीत, परंतु ती एक नव्हेत. कधीकधी गाडी एग्मोरऐवजी तांबरम या उपनगरातील स्थानकावरूनही सुटते. तिकिटावर छापलेले स्थानकाचे नाव वाचावे आणि दोन गाड्यांमध्ये निदान चार तासांचे अंतर ठेवावे. रात्री निघणारी गाडी पहाटे तंजावरास पोहोचविते, हे सर्वांत सोयीचे. दिवसा जाणाऱ्या गाडीने चिदंबरम, मायिलादुतुरै, कुंभकोणम अशी स्थानके आणि दुतर्फा पसरलेला कावेरीचा हिरवा मुलूख पाहावयास मिळतो.

बेळगाव, कोल्हापूर, सांगली या भागांतील प्रवाशास चेन्नईचा वळसा घेण्याचे कारण नाही. त्याने हुबळीवरून बेंगळुरू गाठावे. म्हैसूरहून निघून बेंगळुरू, सेलम, तिरुचिरापल्ली, तंजावर, कुंभकोणम अशी जाणारी रात्रीची गाडी त्याला थेट तंजावरास आणून सोडते. विमानाने येणाऱ्यास तिरुचिरापल्ली हा विमानतळ जवळचा. तेथून तंजावर सुमारे साठ किलोमीटर आहे.

तंजावर ते तिरुवैयारु हे अंतर सुमारे तेरा किलोमीटरांचे. शहरात बसगाड्यांचे दोन तळ आहेत. नवा तळ शहराबाहेर असून तेथून दूरच्या गावांच्या गाड्या सुटतात. तिरुवैयारूस जाणाऱ्याने जुन्या तळावर जाऊन चौकशी करावी. गाड्यांवरील पाट्या तमिळ लिपीत असतात. लिपी वाचता येत नसली तरी बिघडत नाही. गाडीच्या दाराशी उभे राहून गावाचे नाव प्रश्नार्थक स्वरात उच्चारले की वाहक होय किंवा नाही हे मानेने सांगतो. गाव आले हे कसे कळावयाचे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर त्या गावाच्या नावातच आहे. ‘तिरु’ म्हणजे श्री, ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. संस्कृतात या स्थळास पंचनद क्षेत्र म्हणतात. तंजावर सोडल्यावर वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टि आणि कावेरी असे पाच प्रवाह ओळीने ओलांडावे लागतात. प्रवाशाने पूल मोजावेत. वाटेत कंडियूर लागते, ते चुकून आपले गाव समजू नये. कावेरीवरचा पूल ओलांडला की तिरुवैयारु आले. नदीचा तीर तेथून पायी जाण्याइतका जवळ आहे.

मुक्कामाचा विचार करण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहणे उचित होईल, कारण या प्रदेशात प्रवाशाच्या मुक्कामाचा इतिहास मराठी माणसांशी निगडित आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरास जे राज्य स्थापिले, ते १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशेऐंशी वर्षे टिकले. रामेश्वरास जाणारी यात्रेकरूंची वाट या राज्यातून जात असे. त्या वाटेवर भोसले राजांनी ठिकठिकाणी छत्रे बांधिली. छत्र म्हणजे केवळ धर्मशाळा नव्हे. तेथे वाटसरूस निवारा मिळे, अन्न मिळे, आजारी पडल्यास औषधोपचार होई आणि काही छत्रांत मुलांना विद्याही शिकवीत. खर्चासाठी गावांचे उत्पन्न तोडून दिलेले असे. दुसऱ्या सरफोजीराजांनी ओरत्तनाडु येथे १८०२ मध्ये बांधलेले मुक्तांबाळ छत्र हे त्यांतले प्रसिद्ध. अशा छत्रांपैकी काही इमारती आजही उभ्या आहेत आणि काहींत शाळा व वसतिगृहे चालतात. वाटेने येणारा कोण, कोठला, कोणत्या भाषेचा, हे न विचारता त्याची सोय लावणे हे राजाचे कर्तव्य मानले जाई. आज ती सोय प्रवाशास पैसे देऊन लावून घ्यावी लागते. परंतु परक्याशी अगत्याने वागण्याची त्या भूमीची रीत अद्याप मोडलेली नाही.

तिरुवैयारु गावात मुक्कामाच्या खोल्या थोड्या आहेत. उत्सवकाळात त्या गायक-वादकांनी, त्यांच्या साथीदारांनी आणि वर्षानुवर्षे नेमाने येणाऱ्यांनी आधीच धरून ठेवलेल्या असतात. ओळखीची व्यवस्था नसेल तर गावात जागा मिळेल या भरवशावर जाऊ नये. मुक्काम तंजावरात करावा. तेथे साध्या खोल्यांपासून उंची हॉटेलांपर्यंत सर्व प्रकार आहेत. तामिळनाडू पर्यटन महामंडळाचेही हॉटेल गांधीजी रस्त्यावर आहे. हा रस्ता रेल्वेस्थानक आणि जुना बसतळ यांना जोडतो. उत्सवास जाणाऱ्याने याच परिसरात जागा पाहावी, म्हणजे पहाटेची बस गाठण्यासाठी रिक्षा शोधावी लागत नाही. तंजावरात जागा न मिळाल्यास कुंभकोणम हा दुसरा पर्याय. तेथून तिरुवैयारूस येण्यास रस्ता आहे, मात्र अंतर बरेच अधिक पडते.

खोली ठरविताना चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. पहिली, भाड्याचा दिवस चोवीस तासांचा की दुपारी बारापर्यंतचा. पहाटेच्या गाडीने येणाऱ्यास हा फरक एका दिवसाच्या भाड्याइतका पडतो. दुसरी, उत्सवाच्या दिवसांत भाडे वाढते काय. तिसरी, ओळखपत्राची कोणती प्रत लागेल. चौथी, खिडक्यांना जाळ्या आहेत काय. हा सगळा प्रदेश पाटपाण्याचा आणि भातशेतीचा, त्यामुळे संध्याकाळी डासांचा उपद्रव होतो. मच्छरदाणी किंवा डासांवरचे मलम बरोबर असावे. आणखी एक शब्दाचा प्रश्न आहे. महाराष्ट्राप्रमाणे तेथेही ‘हॉटेल’ या शब्दाने पुष्कळदा केवळ जेवणाची जागा समजली जाते. राहण्याच्या जागेस ‘लॉज’ म्हणावे.

जेवणाची चिंता करू नये, पण अपेक्षा बदलावी. केळीच्या पानावरचे दुपारचे भोजन भाताचे असते. प्रथम सांबार-भात, मग रसम-भात आणि अखेरीस ताक किंवा दही-भात हा क्रम. महाराष्ट्रीय माणूस पहिल्याच वाढीत पोट भरून घेतो आणि रसम येते तेव्हा हात आवरतो. त्याने प्रत्येक वेळी थोडाच भात घ्यावा. पुरे म्हणावयाचे असल्यास ‘पोदुम’ हा शब्द उपयोगी पडतो. पाण्यास ‘तण्णि’, कोठे यास ‘एंगे’, किती यास ‘एव्वळवु’, आणि नको यास ‘वेण्डाम’. एवढे पाच शब्द पाठ असले तरी चार दिवस निभावतात आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. पोळीवाचून ज्यांचे अडते त्यांनी रात्री विचारावे, कारण दुपारच्या जेवणात ती क्वचितच मिळते. पथ्य असणाऱ्या वृद्धांना इडली आणि दहीभात हे सर्वत्र मिळणारे व निर्धोक अन्न. तिरुवैयारूची एक खास मिठाई आहे. तिला ‘अशोका’ म्हणतात. मुगाची डाळ, साखर आणि तूप यांचा तो मऊ, केशरी रंगाचा हलवा असतो. घरच्यांसाठी आणावयाची वस्तू म्हणून तोच घ्यावा, मात्र तो लवकर संपवावा.

उत्सवाच्या मुख्य दिवशी काय घडते, हे आधी ठाऊक असले म्हणजे गर्दीत गोंधळ होत नाही. पंचमीच्या सकाळी तिरुमंजन वीथीतील त्यागराजांच्या निवासस्थानापासून समाधीपर्यंत उंछवृत्तीची फेरी निघते. त्यागराज रोज भजन करीत दारोदार धान्य मागत आणि त्यावर संसार चालवीत, त्याचे हे स्मरण. समाधीपाशी नागस्वराचे मंगल वादन होते. नंतर सुमारे नऊ वाजता शेकडो गायक-वादक समाधीसमोर जमिनीवर ओळींनी बसून पंचरत्न कृती एकत्र गातात. यास एक तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. ज्याला जवळून ऐकावयाचे आहे त्याने सूर्योदयापूर्वी पोहोचावे. जो नऊला पोहोचेल त्याला ध्वनिक्षेपकावरून ऐकू येईल, दिसणार नाही. बरोबर सतरंजी, पाण्याची बाटली आणि डोक्यास टोपी किंवा पदर असावा. खाली बसणे ज्यांना जमत नाही अशा वृद्धांनी मंडपाच्या कडेची जागा धरावी आणि बाहेर पडण्याची वाट आधीच पाहून ठेवावी.

प्रवेशास तिकीट नाही. युरोपात बायरॉइट येथे १८७६ पासून आणि साल्झबुर्ग येथे १९२० पासून जे संगीतोत्सव होतात, तेथे जाणाऱ्यास आसनाचे मूल्य मोजावे लागते आणि त्यासाठी फार आधी नाव नोंदवावे लागते. तिरुवैयारूस वर्षातील नामांकित गवई जमिनीवर बसतो आणि ऐकणाराही त्याच जमिनीवर बसतो. गाणाऱ्यांत मोठ्या विद्वानाशेजारी एखादा शिकाऊ विद्यार्थीही असतो. येथे प्रवाशाकडून मागितले जाते ते एवढेच की त्याने शांत बसावे, गाण्याच्या मध्येच उठू नये आणि भ्रमणध्वनी उंच धरून मागच्यांची दृष्टी अडवू नये. इतर दिवशीच्या मैफली लहान लहान असतात. एकामागून एक कलावंत येऊन पंधरा-वीस मिनिटे सेवा रुजू करतात आणि हा क्रम रात्री उशिरापर्यंत चालतो. तेव्हा एखाद्याचे सविस्तर गायन ऐकावयास मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. ती हौस डिसेंबरात चेन्नईच्या संगीत-सभांत भागते.

ज्यांचा कान हिंदुस्थानी संगीतावर तयार झाला आहे त्यांनी थोडी पूर्वतयारी करावी. पाच कृती नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या रागांत, याच क्रमाने आणि सर्व आदितालात गाइल्या जातात. पहिली संस्कृतात असून उरलेल्या चार तेलुगूत आहेत. प्रत्येक चरणाचे प्रथम स्वर गातात आणि नंतर त्याच चालीवर शब्द. ही रचना कळली की अनोळखी भाषेतही कान हरवत नाही. आरभीच्या आरोहात आपल्या दुर्गेची आठवण होते. श्री रागाबाबत मात्र सावध असावे, कारण कर्नाटक पद्धतीतील श्री हा आपल्याकडील सायंकाळच्या श्री रागाहून अगदी निराळा आहे. घरून निघण्यापूर्वी ध्वनिमुद्रिकेवरून या पाच कृती आठ-दहा वेळा ऐकाव्यात आणि शब्द देवनागरीत उतरवून घ्यावेत. हाताने ताल धरला तर शेजारी बसलेला तमिळ रसिक आपोआप वही पुढे सरकवितो.

ज्या जागी प्रवासी बसणार आहे, त्या जागेचा इतिहासही त्याने जाणून असावे. त्यागराजांच्या मागे ती समाधी अनेक वर्षे दुर्लक्षित होती. विसाव्या शतकाच्या आरंभी शिष्यपरंपरेतील मंडळींनी तेथे आराधना सुरू केली, परंतु पुढे त्यांच्यात दोन पक्ष पडले. बेंगळूर नागरत्नम्मा या देवदासी कुळातील विदुषी गायिकेने आपली मिळकत खर्चून ती जागा मिळविली, तेथे मंदिर उभारले आणि १९२५ मध्ये त्याची प्रतिष्ठा केली. ज्या स्त्रीने हे मंदिर बांधले, त्या स्त्रीस आणि तिच्या बरोबरीच्या गायिकांना तेथल्या मुख्य उत्सवात गाण्याची मुभा नव्हती. नागरत्नम्मांनी तंटा न करता स्त्रियांची वेगळी आराधना चालविली आणि आपला हक्क सोडला नाही. १९४० च्या सुमारास पक्ष एकत्र आले आणि स्त्रीपुरुष एकाच समाधीसमोर एकत्र गाऊ लागले. १९५२ मध्ये नागरत्नम्मा निवर्तल्या. त्यांची समाधी त्यागराजांच्या समाधीसमोरच आहे. गर्दीत तिच्याकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. मराठी प्रवाशाने, विशेषतः स्त्रियांनी, तेथे क्षणभर थांबावे. आज पंचमीस स्त्रियांच्या ज्या ओळी समाधीसमोर गातात, त्यांची जागा कोणी मिळवून दिली, हे तेथे कळते.

गावातील दुसरे दर्शन पंचनदीश्वराचे. तमिळमध्ये या देवास ऐयारप्पर म्हणतात आणि देवीचे नाव धर्मसंवर्धिनी. त्यागराजांनी या देवीवरही कृती रचिल्या आहेत. तामिळनाडूतील बहुतेक देवालये दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. मराठी प्रवासी जेवण आटोपून दुपारी दोनला देवळाशी जातो आणि बंद दार पाहून खट्टू होतो. सकाळ देवळासाठी आणि दुपार विश्रांतीसाठी, असा क्रम ठेवावा. वेष अंगभर असावा. पुरुषांनी धोतर किंवा पूर्ण लांबीची विजार, स्त्रियांनी साडी किंवा तत्सम वस्त्र नेसावे. चैत्र-वैशाखात येथे सप्तस्थान नावाचा दुसरा मोठा उत्सव होतो. तेव्हा पालखी आसपासच्या सहा गावांच्या शिवालयांना भेट देऊन परतते. तो पाहण्यासारखा आहे, मात्र त्या काळचा उन्हाळा वृद्धांना व मुलांना सोसणारा नाही.

परतण्यापूर्वी तंजावर शहरासाठी निदान एक पूर्ण दिवस ठेवावा. राजराज चोळाने बांधलेले आणि १०१० मध्ये पूर्ण झालेले बृहदीश्वराचे देवालय जगाच्या वारसा-यादीत १९८७ पासून आहे. त्याचे दोनशे फुटांहून उंच विमान पाहण्यास जगभरचे लोक येतात. मराठी प्रवाशासाठी तेथे आणखी एक गोष्ट आहे. प्राकाराच्या भिंतीवर १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरून घेतला आहे. चोळांच्या तमिळ शिलालेखांनी भरलेल्या त्या देवळात आपल्या लिपीतील ओळी अकस्मात वाचता येतात. भारतातील अतिशय विस्तृत शिलालेखांत त्याची गणना होते. सकाळच्या उजेडात तो वाचावयास घ्यावा.

राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ पासून सर्वांसाठी खुले आहे. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू हस्तलिखितांबरोबर मराठीची तीन हजारांवर हस्तलिखिते आणि मोडी कागदांची दप्तरे आहेत. सामान्य प्रवाशास त्यातील निवडक वस्तू तेथील संग्रहालयात पाहता येतात. ज्याला एखादे विशिष्ट हस्तलिखित पाहावयाचे असेल त्याने आधी पत्रव्यवहार करून अनुमती घ्यावी आणि साप्ताहिक सुटीचा दिवस विचारून ठेवावा. समर्थ रामदासांचे शिष्य भीमस्वामी यांचा मठही याच शहरात आहे. मराठी कीर्तनाच्या पद्धतीवरून तमिळ प्रदेशातील हरिकथेला आजचे रूप आले, तेही तंजावरातच.

शहरात आणि आसपास मराठी बोलणारी कुटुंबे आजही आहेत. साडेतीन शतकांच्या वास्तव्यात त्यांच्या मराठीने जुनी रूपे जपली आहेत आणि तमिळ शब्द आपलेसे केले आहेत. असे कोणी भेटले तर त्यांच्या बोलीस हसू नये, ती शुद्ध करावयासही जाऊ नये. ती आपल्या मराठीहून अशुद्ध नव्हे, तर निराळ्या वाटेने चालत आलेली मराठी आहे. ज्या मुलखात ती शाळेत शिकवीत नाहीत, कचेरीत चालत नाही आणि बाजारात ऐकू येत नाही, तेथे ती केवळ घरातील माणसांच्या निष्ठेवर जगली आहे. अशा घरी बोलावणे आले तर ते नाकारू नये.

मराठी प्रवाशाने एक गोष्ट मात्र मनात येऊ देऊ नये, ती म्हणजे आपण आपल्या पूर्वजांच्या राज्यात आलो आहोत ही भावना. त्यागराजांच्या पित्यास तिरुवैयारु येथील घर तंजावरच्या तुळजाराजांनी दिले, असे परंपरा सांगते. आणि त्याच गादीवरच्या सरफोजीराजांनी पाठविलेले धन त्यागराजांनी नाकारले, ही कथाही तेथे घरोघर सांगतात. मराठी राजा, तमिळ भूमी आणि तेलुगू गीत यांची ती वस्ती होती. राजांचे औदार्य खरे, तसेच गायकाची निःस्पृहताही खरी. राज्य १८५५ मध्ये सरले, गीत मात्र उरले. तेथे जाणारा हा पाहुणा आहे आणि पाहुण्यासारखे वागणे हाच सर्वांत उपयुक्त असा प्रवासाचा सल्ला होय.

सारांश, चार दिवसांचा बेत पुरेसा आहे. पंचमीच्या आदल्या सकाळी तंजावरास पोहोचावे, दुपारी विसावा घेऊन संध्याकाळी तिरुवैयारूस जाऊन जागा, वाटा आणि परतीच्या बसची वेळ पाहून यावी. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून पंचरत्न ऐकावे. तिसरा दिवस तंजावरचा आणि चौथा परतीचा. ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी उत्सव टाळून जानेवारी-फेब्रुवारीतील कोणत्याही साध्या सकाळी समाधीस जावे. नदीकाठ शांत असतो आणि बसावयास हवी तितकी जागा मिळते. प्रकृतीमुळे किंवा अन्य कारणाने ज्यांना प्रवास शक्यच नाही, त्यांच्यासाठी पंचमीच्या सकाळी आकाशवाणी आणि दूरदर्शन पंचरत्न गायन देशभर पोहोचवितात. दिनदर्शिकेवर केलेली ती खूण त्यांच्याही उपयोगी पडेल.